अकरावा नंबर सरांचा

आधीच सांगतो, सरांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. कौतुक करणारे पुष्कळ होते. त्यांच्या निरोप समारंभात अख्ख्या स्टाफनं भाषणं केली. सर म्हणजे निगर्वी, सर म्हणजे कायम मागं राहणारे, सर म्हणजे शेवटच्या माणसाचे सोबती. सर मान खाली घालून ऐकत होते. मान खाली, पण कान वर. एका बाईंनी "शेवटी उभे राहणारे" म्हणायचं विसरून नुसतं "शिस्तप्रिय" म्हटलं, तर सरांनी मान वर करून त्यांच्याकडं असं पाहिलं की बाईंनी पुन्हा माइक मागून घेतला.

सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. भूगोल शिकवायचे. पण गाव त्यांना ओळखायचं ते अकराव्या नंबरचा बॅट्समन म्हणून. येडशीच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं गाव. शाळेच्या मागं मैदान, मैदानाच्या कडेला एक लिंबाचं झाड. दर रविवारी मॅट अंथरून लेदर बॉलची मॅच. माझ्या जन्माच्या आधीपासून सर त्या मॅचमध्ये शेवटी बॅटिंगला जात आले, आणि कधीही आऊट झाले नाहीत. एकदाही नाही. हा त्यांचा विक्रम. कुठल्या पुस्तकात नाही, पण गावात शेंबड्या पोराला विचारा, तोही सांगेल.

विक्रम कसा झाला, ते मी सांगतो. कारण ते शेंबडं पोर सांगणार नाही.

सर अकराव्या नंबरला जायचे म्हणजे पहिल्या नंबरच्याही आधी तयार व्हायचे. पहिला बॉल पडायच्या आत त्यांचे पॅड बांधलेले असत. पांढरी फुल पँट, मांडीवर चौघडी करून बांधलेला टॉवेल, डोक्याला मफलर, तोंडात लवंग. असे ते लिंबाखाली खुर्चीत ताठ बसत. कुणी म्हटलं, "सर, अजून ओपनर खेळलालेत, जरा मोकळे बसा की," तर म्हणायचे, "बाबा, पहिला नंबर वशिल्यानं मिळतो. अकरावा कमवावा लागतो." मग लवंग इकडून तिकडं सरकवून, "ओपनरच्या मागं दहा जण असतात. माझ्या मागं कोण? हे लिंबाचं झाड. ते काय बॅटिंगला येणारंय का?"

नवीन आलेल्या शिक्षकांना हे ऐकून भरून यायचं. आम्हाला पाठ झालं होतं.

शेवटच्या बॅट्समनांवर त्यांनी आयुष्यभर विचार केला. जगात लोक सर्वोत्तम अकरा खेळाडूंची टीम काढतात. सरांनी सर्वोत्तम अकरा अकराव्यांची टीम काढली. तीही आपल्या धाराशिव जिल्ह्यातली. त्यात मुरुमचे एक आडत व्यापारी होते. बॉल बॅटला लागला की तो किती वजनाचा होता हे सांगायचे, पण त्याच्यामागं पळायचे नाहीत. येडशी स्टेशनवरचे एक गँगमन होते. ते दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बॅटिंगला यायचे, आणि शिट्टी ऐकू आली की बॅट अंपायरच्या हातात देऊन निघून जायचे. तुळजापूरचे एक पुजारी होते. कायम पहिल्याच बॉलला बोल्ड. पण परत येताना असे यायचे की शंभर काढणाऱ्यानं लाजावं. आणि एक तलाठी. सर म्हणायचे, "त्याचा डिफेन्स काय सांगू! फाईल सही न करता परत पाठवावी, तसा बॉल परत पाठवायचा. बॉलरला फेऱ्या मारायला लावायचा."

या टीमची अडचण एकच होती. सगळेच अकरावे, तर पहिलं जायचं कुणी? सर यावर बेजार व्हायचे. "पुजाऱ्याला पुढं पाठवता येत न्हाय, तो लगेच परत येतो. गँगमनला पाठवावं तर गाडी." मग अकराव्यांमधला खरा अकरावा कोण, हा आणखी अवघड प्रश्न. ती जागा ते कायम रिकामी ठेवायचे. कुणी विचारलंच तर हसून म्हणायचे, "असंल कुणीतरी. आपण कशाला नाव घ्यायचं?" आणि पॅडचा बंद पुन्हा आवळायचे.

त्यांची बॅटिंगही बघण्यासारखी असायची. बघण्यासारखी म्हणजे बॉल खेळायच्या आधीची. मैदानात शिरले की आधी सगळ्या फिल्डरांची चौकशी. आसपासच्या गावांतली अर्धी पोरं त्यांच्याच हाताखालून गेलेली. "तू कुणाचा रे? व्हय व्हय, आई बरी हाय का? गुडघ्याचं काय झालं?" गार्ड घ्यायला, म्हणजे स्टंपासमोर उभं राहायची जागा अंपायरला विचारून आखायला, इतका वेळ की स्लिपमधले लोक खाली बसायचे. एकदा मुरुमच्या टीमचा एक फास्ट बॉलर रनअप घेऊन धावत आला, तर सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. तो कधीकाळी आमच्याच शाळेत होता आणि भूगोलात गटांगळ्या खायचा.

"थांब थांब. मांजरा नदी कुठं उगम पावती?"

तो घामाघूम. "सर, आत्ता?"

"आत्ता न्हाय तर कवा? तवा तर सांगितलं न्हाईस."

त्यानंतर त्याचे तीन वाइड गेले. सरांनी त्या तिन्ही बॉलना मोठ्या आदरानं बॅट उचलून वाट दिली.

इथपर्यंत सगळ्यांना गंमत वाटते. मलाही वाटायची. आता पुढचं ऐका.

आमच्या टीमचा बॅटिंगचा क्रम कोण कसा खेळतो यावर कधीच ठरला नाही. कोण काय आणतो यावर ठरायचा. ज्याची बॅट, तो पहिला. खताच्या दुकानवाल्याचा मुलगा हा आमचा बॅटमालक, म्हणून तो कायमचा ओपनर. ज्याच्या ट्रॅक्टरनं रोलर ओढायचा, तो दुसरा. ज्याच्या शेडमध्ये मॅट ठेवायची, तो तिसरा. पाण्याचे जार आणणारा चौथा. अशी खाली खाली उतरंड. नवव्या आणि दहाव्या नंबरला भीमनगरचे आम्ही दोघं, मी आणि मिलिंद. आम्ही फक्त आमचे हातपाय आणायचो. त्यातले मिलिंदचे उपयोगाचे होते.

मिलिंद मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करायचा. दिवसभर तांब्याची तार गुंडाळणारे त्याचे हात. बॉलिंग तर तो करायचाच, सकाळपासून, एका बाजूनं, कुणी बदलायचं नाव घ्यायचं नाही. पण त्याला खरी बॅटिंग यायची. ती गावाला माहीत नव्हती, कारण गावानं कधी पाहिली नव्हती. दहाव्या नंबरला तो जायचा तेव्हा दुसऱ्या बाजूनं लगेच नववा, म्हणजे मी, आऊट व्हायचो, आणि लिंबाखालून सर उठायचे.

मग काय व्हायचं? मिलिंद एखादा बॉल ढकलून रनसाठी हाक मारायचा. सर म्हणायचे, "येस!" मग म्हणायचे, "न्हाय!" मग म्हणायचे, "दम धर!" तोवर मिलिंद पळत त्यांच्या टोकाला पोचलेला, सर आपल्या जागी उभे, आणि तिकडं दुसऱ्या टोकाचे स्टंप उडालेले. दोघं एकाच टोकाला. आऊट कोण?

अंपायर म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. तोही सरांचाच विद्यार्थी. सरांना विचारल्याशिवाय त्यानं कधी बोट वर केलं नाही. हा आमच्या मैदानाचा रिवाजच होता. तो जवळ यायचा आणि अदबीनं विचारायचा, "सर, कोण?"

सर मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवून, फार दुःखानं म्हणायचे, "मिलिंद. वाईट झालं."

आणि गंमत बघा, नियमानं ते दरवेळी बरोबर असायचे. जो आपल्या जागेवरून हललाच नाही, तो आऊट होत नाही. जो पळाला, तो आऊट. नियम असाच आहे, आणि फक्त क्रिकेटमध्येच आहे असं नाही. जाग्यावर बसलेल्याच्या बाजूनं सगळेच नियम असतात. पळणाऱ्यानं मरायचं. मग सर नाबाद परत यायचे, बॅट वर करून, झाडाला अभिवादन करत.

मी मिलिंदला म्हणायचो, "तू बोलत कामून न्हाईस?"

"सर हायत. जाऊ दे."

"सर हायत म्हणून किती दिवस जाऊ द्यायचं?"

"तू नवव्या नंबरला जरा टिकत जा की. मग मला सरांच्या आधी चार बॉल तरी मिळतील."

टिकणं मला जमणारं नव्हतं. म्हणून मी पत्रक काढलं.

मी तेव्हा नुकताच संघटनेच्या कामात उतरलो होतो. पाण्याच्या टाकीवर पत्रक, रेशनवर पत्रक, वसतिगृहाच्या जेवणावर पत्रक. सरांनी यातल्या प्रत्येक निवेदनावर सही केली होती, हेही सांगून टाकतो. सगळ्यात शेवटी. तीही सगळ्यांचं होऊन निवेदन देऊन आल्यावर, आमच्याजवळच्या झेरॉक्सवर. "माझी आपली शेवटी. मोठेपणा नको." साहेब बोलावतात ते पहिल्या सहीवाल्याला, पोलिस विचारतात तेही पहिल्या सहीवाल्याला. शेवटच्या सहीला कुणी कधी चहासुद्धा विचारलेला नाही आणि दमही दिलेला नाही. तिथंही सर नाबादच.

शाळेतही तेच. खिचडीच्या रांगेत ते ताट घेऊन सगळ्यात शेवटी उभे राहायचे. पाहुणे आले की हे दृश्य त्यांना मुद्दाम दाखवलं जायचं. "मुख्याध्यापक शेवटी जेवतात!" आम्ही भीमनगरची पोरं त्यांच्या बरोब्बर पुढं असायचो, कारण आम्हीही शेवटीच असायचो. सर रोज आमच्या पाठीमागं उभे राहिले, रोज आमच्या डोक्यावरून हात फिरवला. ही रांग अशीच का लागते, रोज तीच पोरं मागं का येतात, हे त्यांनी एकदाही वळून विचारलं नाही. आपण शेवटी उभं राहिलं की झालं, एवढंच त्यांना वाटायचं.

पत्रकात मी हे सगळं लिहिलं. मथळा होता, "नाबाद कोण, धावबाद कोण?" शेवटची ओळ अशी होती: ज्यांना शेवटी उभं केलंय, त्यांना शेवटाचं कौतुक कुणी सांगू नये, आणि ज्यांना कुठंही उभं राहता येतं, त्यांनी आमची शेवटची जागासुद्धा हौसेनं अडवू नये. त्या ओळीवर मी आजही ठाम आहे. पत्रक स्टँडवर लावलं, शाळेच्या फाटकाला लावलं, लिंबाच्या झाडालाही लावलं.

रविवारी सर आले, पॅड बांधले आणि झाडावरचं पत्रक काढून सगळ्या टीमला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्गात धडा वाचावा तसं, आवाजाचे चढउतार घेऊन. बॅटमालक दात काढत होता. वाचून झाल्यावर सरांनी पत्रकाची घडी केली, मांडीवरच्या टॉवेलात खोचली आणि मला म्हणाले, "चांगलं लिहिलंस. भाषा जोरदार हाय. पर अकराव्यावर एवढं लिहिलंस, दहाव्याला विचारलंस का, त्याला काय पाहिजे?"

सगळे मिलिंदकडं बघायला लागले. तो बॉल पँटीला घासत होता.

"बोल की रं," मी म्हटलं.

मिलिंद म्हणाला, "मला पत्रक नको. मला बॅटिंग पाहिजे."

त्याला घाई होती, ती मला माहीत होती. पुढच्या रविवारी तुळजापूरकडच्या टीमशी गावोगावच्या स्पर्धेची फायनल होती, आणि धाराशिवच्या एका मोठ्या क्लबचे एक गृहस्थ ती बघायला येणार होते. तो क्लब बाहेरच्या जिल्ह्यांत खेळायला जातो, त्यातून पोरांना पुढं नोकऱ्या लागतात. क्लबला बॉलर नको होता. बॅट्समन पाहिजे होता. मिलिंदचं वय निघून चाललं होतं, घरी लहान मुलगी होती, आणि तारा गुंडाळून त्याची बोटं आत्ताच आखडायला लागली होती. दहाव्या नंबरला जाऊन, दोन बॉल खेळून, सरांच्या "दम धर"वर धावबाद होऊन कुणी निवडला जात नाही.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. बाहेर ओट्यावर ते बॅटला तेल लावत बसले होते. ही बॅटही सांगायलाच पाहिजे. तिला दर खंडेनवमीला हळदकुंकू लागायचं. एरवी ती सरांच्या बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली असायची. बॉल तिला फारसा लागलाच नव्हता. इतक्या वर्षांची बॅट, पण दुकानातून आत्ता आणल्यासारखी, वर कुंकवाची पाच बोटं.

"सर, मिलिंदला ओपनिंगला पाठवा."

"मी कोण पाठवणारा? क्रम आपोआप ठरतो. मी आपला शेवटी."

"आपोआप काही ठरत न्हाय. तुम्ही गप बसता म्हणून ठरतो. तुमच्या शब्दाबाहेर टीममध्ये कोण हाय? बॅटमालकाला पाढे कुणी शिकवले?"

"त्याला अजून येत न्हाईत."

"सर, हसण्यावारी नेऊ नका. त्याला पुढं पाठवा, न्हाईतर फायनलला तुमची जागा सोडा."

सरांचा तेलाचा बोळा थांबला. "अकरावी?"

"अकरावी."

सरांनी बॅट लुगड्यात गुंडाळली. मग आत बघून म्हणाले, "अगं, याला चहा दे. लई ओरडलालाय, घसा बसंल त्याचा." मी चहा पिऊन, शिव्या देत घरी आलो. चहा चांगला होता, ते वेगळं.

रविवारी टॉस झाला, आम्ही आधी बॉलिंग केली. मिलिंदनं नेहमीप्रमाणं एक बाजू अख्खी टाकली. मग आमची बॅटिंग. बॅटमालक हातमोजे घालत होता, तेवढ्यात सर खुर्चीतून उठले. मॅच चालू व्हायच्या आधी सर उठले, हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

"आज क्रम उलटा," सर म्हणाले. "खालून वर."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बॅटमालक म्हणाला, "म्हंजे सर, तुम्ही ओपनिंगला?"

"मी कशाला? मी सोडून. अकरावा अकराव्यालाच जातो. मिलिंद पहिला, हा पत्रकवाला दुसरा. तू दहावा."

"मी दहावा?" बॅटमालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. "बॅट माझीय, सर."

"बॅट तुझी, व्हय. पर मैदान तुझं न्हाय."

"मग माझी बॅट माझ्याबरोबरच येईल. दहाव्या नंबरला." त्यानं बॅट कव्हरात घातली, चेन ओढली आणि मोटरसायकलवर जाऊन बसला. उरली ती सगळ्यांची तार गुंडाळलेली एक जुनी बॅट. तिला बॅट म्हणायचं म्हणजे आम्ही दिलदार होतो म्हणून.

सरांनी लुगड्याची गाठ सोडली. कुंकवाची बॅट बाहेर काढली आणि मिलिंदच्या हातात दिली. देताना एवढंच म्हणाले, "जपून. हिला सवय न्हाय."

माझ्या बॅटिंगबद्दल एका वाक्यात उरकतो. दुसऱ्या बॉलला बोल्ड झालो. तुळजापूरच्या पुजाऱ्यांसारखं चालत येण्याचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही.

पण मिलिंद खेळला. पहिल्यांदा गावानं त्याला खेळताना बघितलं. ते तारेचे हात बॉलला नुसते वळण लावायचे आणि बॉल फिल्डरांच्या मधून वाट काढत रस्त्यापर्यंत जायचा. दुसऱ्या बाजूनं एकेक जण जाऊन येत होता. पाण्याचे जार गेले, मॅटवाला गेला, रोलरवाला गेला. क्लबचे गृहस्थ आधी मोबाइल बघत होते. मग त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग खुर्ची झाडाच्या सावलीतून पुढं उन्हात ओढून घेतली. भीमनगरातून लोक यायला लागले. मिलिंदची बायको पोरीला कडेवर घेऊन बांधावर उभी राहिली. शेवटी बॅटमालक मोटरसायकलवरून उतरला, आपल्या बॅटनं एक सिक्स मारून दुसऱ्या फटक्याला कॅच देऊन आला, आणि तीन रन बाकी असताना लिंबाखालून सर निघाले.

मी बांधावरून ओरडलो, "मिलिंद, हाक मारू नकोस! नुसतं मार!"

सर तार गुंडाळलेली बॅट घेऊन दुसऱ्या टोकाला उभे राहिले. फिल्डरांची चौकशी झाली. आईचे गुडघे झाले. बॉल मिलिंदला होता. त्यानं तो कव्हरकडं ढकलला आणि मारू नको म्हटलेली हाक मारलीच. "या सर!"

"येस!" सर म्हणाले.

मग म्हणाले, "न्हाय!"

मग "दम धर!" म्हणाले की नाही, ते मला ऐकू आलं नाही, कारण अख्खं भीमनगर ओरडत होतं. मिलिंद सरांच्या टोकाला पोचलेला, सर आपल्या जागी ताठ उभे, आणि पलीकडचे स्टंप आडवे. मॅच गेली. दोघांपैकी कुणीही आऊट असलं तरी मॅच गेलेलीच होती. तुळजापूरवाले नाचायला लागले. फक्त एक गोष्ट उरली होती: मिलिंद नाबाद, का मिलिंद धावबाद. क्लबचे गृहस्थ पेनाचं टोपण काढून वाट बघत होते.

कंपाउंडर हळूहळू चालत आला. सवयीनं. "सर, कोण?"

सरांनी सवयीनं मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. माझा पुढच्या पत्रकाचा मथळा तयार झाला होता.

"मी," सर म्हणाले.

कंपाउंडर गोंधळला. "सर, पण तुम्ही तर हललाच न्हाईत."

"म्हणूनच."

"नियमानं, सर..."

"नियम मला शिकवू नकोस. त्यानं हाक मारली, मी हललो न्हाय. आऊट कोण? बोट वर कर."

कंपाउंडरनं बोट वर केलं. सरांना आऊट होऊन परत कसं यायचं, हे माहीतच नव्हतं. ते आधी दोन पावलं चुकीच्या दिशेला, तुळजापूरवाल्यांकडं गेले. मग वळले आणि जुन्या सवयीनं बॅट वर केली. त्या तारा गुंडाळलेल्या बॅटीला, शून्यावर आऊट झालेल्या माणसाला, गावानं टाळ्या वाजवल्या. सरांनी त्या स्वीकारल्या. झाडापाशी येऊन खुर्चीत बसले आणि पॅड सोडता सोडता म्हणाले, "तशी क्रीज जरा वाकडीच आखली होती."

गोष्ट इथं संपवली असती तर सरांवर गोड लेख झाला असता आणि मला फार राग आला असता. कारण पुढं असं झालं, की त्या क्लबनं मिलिंदला घेतलं. बारावा म्हणून. पाणी न्यायचं, हातमोजे न्यायचे, कुणी जखमी झाला तर फिल्डिंग करायची. तिथंही बॅटी ज्यांच्या होत्या, तेच वर होते.

मला हे कळलं तेव्हा मी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर होतो. सर तरातरा चालत आले. मफलर सुटलेला, लवंगही नाही.

"बारावा?" सर म्हणाले. "अकराव्याच्यापण मागं? अरे, असा नंबर असतो का? त्या नंबरला बॅटिंगच न्हाय!"

"सर, तो नंबर आम्हाला पाठ हाय. तुम्ही आत्ता वळून बघितलंत."

सरांचं तोंड, त्या मुरुमच्या बॉलरला नदी विचारल्यावर त्याचं झालं होतं, तसं झालं. मग त्यांनी बाकड्यावर माझ्या शेजारी बसून एक कप चहा सांगितला.

"पत्रक काढ," ते म्हणाले. "त्या क्लबवर. निवड सगळ्यांसमोर, मैदानावर करा म्हणावं. मजकूर मी सांगतो."

"मजकूर मी लिहीन. तुम्ही सांगितलं तर भूगोलाचा पेपर व्हायचा."

"बरं. सही?"

मी कागद पुढं केला. "खाली जागा हाय, सर. सगळ्यात शेवटी. तुमचीच."

सरांनी कागदाकडं बघितलं. वर कोरी जागा होती, खाली कोरी जागा होती. मी मुद्दाम म्हणालो, "पहिल्या सहीवाल्यालाच पहिलं बोलावतात, सर. क्लबचा अध्यक्ष कोण हाय, ते तुम्हाला माहीत हाय. तुमच्या पोराची बदली त्याच्याच शब्दानं झालीय."

हे खरं होतं, आणि ते सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. चहा आला. त्यांनी प्यायला नाही.

सर आता त्या मुलाकडं पुण्याला असतात. मधे एकदा त्यांचा फोन आला होता. तिथं सोसायटीत पार्किंगमध्ये सहा सहा जणांचं क्रिकेट चालतं म्हणे. अकरावा नंबरच नाही. "सहाव्या नंबरला जातो," म्हणाले, "लाज वाटती." मिलिंद आज त्या क्लबकडून पाचव्या नंबरला जातो. तो तिथं काही आपोआप पोचला नाही. एक पत्रक लागलं, मग दुसरं लागलं, मग मैदानावर आम्ही ठाण मांडून बसलो. त्या पत्रकांबद्दल मला शिव्या बसल्या, आणि सरांना, पहिल्यांदाच, बोलावणं आलं.

पण मी ते टपरीवरचं सांगत होतो. सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. हात कागदाच्या खालच्या टोकाला गेला, तिथं जरा थांबला, आणि मग वर सरकत सरकत पार वरच्या कोपऱ्यात आला. तिथंही लगेच सही नाहीच. आधी त्यांनी कागद सरळ केला, मान इकडून तिकडं फिरवून स्टँडवरच्या सगळ्या लोकांकडं नीट बघून घेतलं, आणि मला हळूच विचारलं,

"पहिल्या नंबरला गार्ड कुठला घेतात रं?"